आतोबांच्या हजार सह्या

आमच्या आतोबांनी आयुष्यात एकाही कागदावर न वाचता सही केलेली नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, आणि अमेरिकेत राहणाऱ्या माणसाबद्दल असं सांगता येणं ही काही साधी गोष्ट नव्हे. इथं दाढ काढायला जा, चार पानं हातात देतात. पोरांना उड्या मारायच्या फुग्याच्या किल्ल्यात सोडायचं म्हटलं तरी सही. तुम्ही-आम्ही काय करतो? शेवटचं पान उलटतो, फराटा ओढतो आणि मोकळे होतो. आतोबा खुर्ची ओढून बसतात, लांबचा चष्मा काढून जवळचा लावतात आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात. माझ्या लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला मी पिझ्झा आणायला गेलो होतो, म्हणून किल्लेवाल्यानं कागद आतोबांच्या हातात दिला. परत येतो तो वीस-बावीस पोरं बूट काढून रांगेत तिष्ठतायत, दोघं रडतायत, आणि आतोबा अकराव्या कलमावर आहेत. "यात लिहिलंय, जोराचा वारा असेल तर हवा काढावी. वारा मोजणार कोण?" असं त्यांनी किल्लेवाल्याला विचारलं, तेव्हा तो बिचारा आभाळाकडे बघायला लागला. मी चिडून म्हटलं, "आतोबा, करा हो सही!" तर म्हणाले, "सही म्हणजे फराटा नाही रे बाबा. सही म्हणजे 'मी इथं होतो' असं सांगणं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला मी त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. आता त्या नकलेची आठवण झाली की कुठं तोंड लपवावं ते कळत नाही.

नात्यानं ते माझ्या बायकोच्या, अनघाच्या, आत्याचे यजमान. म्हणून आतोबा. पण शिकागोपासून तासाभरावरच्या आमच्या या गावात त्यांना दुसरं नाव उरलेलं नाही. पोस्टमनसुद्धा 'मिस्टर अटोबा' म्हणतो. काउंटीच्या बांधकाम खात्यात तीस वर्षं त्यांनी पूल तपासले. रिटायर झाले ते नोकरीतून, तपासण्यातून नाही. त्यांच्या खिशात मोजपट्टी, स्टॉपवॉच आणि डायरी कायम असते. कुणाकडे जेवायला गेले की जिन्याच्या पायऱ्या मोजून मगच वर जातात, आणि एखादी पायरी अर्धा इंच उंच निघाली तर यजमानीणबाईंच्या पुरणपोळीचं कौतुक करायच्या आधी ते सांगून टाकतात. मंडळाच्या वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' हा शेवटचा मुद्दा आला, की बाकीच्यांचं लक्ष बटाटेवड्यांकडे लागलेलं असतं आणि आतोबा फाइल उघडून उभे राहतात. एकदा गणपतीच्या मखरामुळे आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार अडतं, या विषयावर ते वडे गार होईपर्यंत बोलले. सगळ्यांनी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला. पण पुढच्याच वर्षी खिचडीच्या फोडणीनं फायर अलार्म वाजला, तेव्हा दोनशे माणसं सोवळ्या-शेल्यांसकट त्याच मोकळ्या दारातून बाहेर आली. थँक्यू मात्र कुणी म्हटलं नाही.

आता या माणसाला राजकारणाचा नाद कुठून लागला, तर एका सिग्नलमुळे. त्यांच्या घरासमोर सहा लेनचा राज्य महामार्ग आहे आणि पलीकडे लायब्ररी. आत्याच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, ती वॉकर घेऊन रोज तिथं वाचायला जाते. पायी चालणाऱ्यांसाठी तो सिग्नल बावीस सेकंद देतो. आत्याला चाळीस लागतात. म्हणजे रोज ती मधल्या दुभाजकावर अडकते, दोन्ही बाजूंनी ट्रक जातात, आणि पुढचा हिरवा दिवा येईपर्यंत पदर धरून उभी राहते. आतोबांनी स्टॉपवॉच लावून महिनाभर नोंदी केल्या आणि आमच्या भागातून राज्याच्या सिनेटवर निवडून गेलेल्या सिनेटरसाहेबांना पत्र लिहिलं. हे साहेब आतोबांचे केस काळे होते तेव्हापासून त्या खुर्चीवर. उत्तर आलं, 'आपले विचार कळवल्याबद्दल आभारी आहे.' आतोबांनी दुसरं पत्र लिहिलं. तेच उत्तर. अशी एकतीस पत्रं आणि एकतीस आभार त्यांनी फाइलला लावून ठेवलेत. "अहो, तो माणूस किती सभ्य आहे बघा," आत्या म्हणायची, "तुम्ही मला एकदा तरी म्हणालात का आभारी आहे?"

आणि मग दुसऱ्या एका राज्यात आक्रीत घडलं. शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईंनी, हातात फारसा पैसा नसताना, वर्षानुवर्षं निवडून येणाऱ्या तिथल्या सिनेटरला चक्क हरवलं. पंडितांनी तोंडात बोटं घातली. आतोबा सकाळी सातला आमच्या दारात उभे. "कळलं का? याचा अर्थ ही माणसं हरवता येतात!" म्हणाले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे पत्र लिहितील. पण त्यांनी आमच्या सिनेटरविरुद्ध त्याच्याच पक्षाच्या उमेदवारीसाठी उभं राहायचं ठरवलं होतं. आत्या हसून हसून लाल झाली. "चाळीस वर्षं झाली, माझ्या सिंकचा गळका नळ बदलून देता आला नाही, आणि राज्य बदलायला निघालेत!" मग डोळे पुसून म्हणाली, "उभे राहा हो. पण टोपी घालून फिरा, ऊन फार आहे."

मतपत्रिकेवर नाव यायचं तर आधी त्या भागातल्या हजार नोंदणीकृत मतदारांच्या सह्या हव्यात. हे एकच काम, पण ते झालं नाही तर पुढचं काहीच नाही. आतोबा दोन महिने दारोदार फिरले. प्रत्येक दारात ते समोरच्याला अर्ज आधी पूर्ण वाचायला लावायचे, त्यामुळे एकेका सहीला दहा दहा मिनिटं. कुत्री अंगावर आली, एका बाईंनी त्यांना पाण्याचा फिल्टर विकणारा समजून दार लावून घेतलं, एका म्हाताऱ्यानं सही दिली नाही पण दोन तास बुद्धिबळ खेळवून घेतलं. तरी गडी हटला नाही. माझ्याकडे त्यांनी फक्त एक दिवस मागितला, मंडळाच्या गणपतीचा. त्यासाठी तासभर माझी शिकवणी घेतली. ज्याची सही त्यानंच करायची. तुझ्या डोळ्यांदेखत करायची. पानाच्या शेवटी, हे सगळं माझ्यासमोर झालं अशी शपथ घेऊन नोटरीपुढे तू सही करायची. "हो हो, आतोबा, डोन्ट वरी," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन मित्राला म्हणालो, "तसंही कोण निवडून येतंय यार!"

गणपतीच्या दिवशी हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये, जेवणाच्या कुपनांच्या टेबलाला लागूनच, मी टेबल मांडलं. पहिला अर्धा तास मी अगदी चोख काम केलं. मग आतून कुणीतरी ओरडलं, "अळूवड्या संपत आल्या हो!" मी कागद, पेन तिथंच ठेवलं, 'मतदार असाल तर सही करा' अशी चिठ्ठी चिकटवली आणि गेलो. अळूवडी झाली, मसालेभात झाला, दोन जिलब्या झाल्या, आरतीत झांजा वाजवल्या. दीड तासानं येऊन बघतो तर पानंच्या पानं भरलेली! मला वाटलं, बाप्पा पावला. मग नीट बघितलं. आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. मंडळाची वर्गणी असो, सहलीची बस असो, कुपनं असोत, घरटी एक माणूस पेन उचलतो आणि अख्ख्या कुटुंबाला लिहून काढतो. इथंही तेच झालेलं. नवऱ्यानं बायकोची सही केलेली, सासूबाईंची केलेली, कॉलेजसाठी टेक्ससला गेलेल्या मुलाचीही केलेली. एकानं तर नावापुढे 'जैन जेवण, दोन' असं लिहून ठेवलं होतं. माझी लेक आता हायस्कूलला आहे. तिनं खांद्यावरून वाकून पाहिलं. "डॅड, दिस इज ऑल द सेम हँडरायटिंग. यू कान्ट डू दॅट." मी म्हटलं, "अगं, आपल्यात असंच असतं." आणि वर काय केलं सांगू? सकाळी मीच लिहून ठेवलेल्या अनघाच्या नावापुढची सहीची जागा रिकामी होती. ती वीस पावलांवर स्वयंपाकघरात मोदक उकडत होती. तिला हाक मारायचा मला कंटाळा आला. तिची सही मीच ठोकून दिली.

दोन दिवसांनी नोटरीपुढे, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, अशी शपथ मी प्रत्येक पानावर घेतली. पान न वाचता, गप्पा मारत.

सुरुवातीला मी म्हटलं ना, की आतोबांनी न वाचता कधी सही केली नाही? ते खोटं आहे. एकदा केली. सगळे कागद जमा करायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. स्वतः गोळा केलेलं एकेक पान त्यांनी तीन-तीनदा तपासलं होतं. माझा गठ्ठा हातात घेतला, फक्त तळाशी बघितलं, तिथली माझी शपथेखालची सही पाहिली, आणि चष्मा काढून म्हणाले, "तू होतास ना तिथं? मग झालं." आणि माझी पानं न वाचता त्यांनी मुख्य अर्जावर आपली सही केली. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. शेवटच्या तारखेला अजून आठवडा होता, घरोघर जाऊन सह्या पुन्हा घेता आल्या असत्या. मी म्हटलं, "चहा घेणार का?"

सिनेटरच्या लोकांनी हरकत घेतली. सुनावणीला मी आतोबांबरोबर गेलो. सिनेटरच्या वकीलबाई तरुण होत्या, आवाजही चढवला नाही. त्यांनी माझी पानं पडद्यावर लावली. टेक्ससचा मुलगा दाखवला, 'जैन जेवण, दोन' दाखवलं. त्याचा अर्थ विचारला तेव्हा आतोबांनी खाली मान घालून इंग्रजीत सांगितला. मग अनघाची मतदार नोंदणीतली सही आणि माझ्या पानावरची सही शेजारी शेजारी लावली. आतोबा त्या पडद्याकडे बघत राहिले. भाचीची सही ते ओळखतात, तिला अक्षरं गिरवायला त्यांनीच शिकवलं होतं. सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, ही पानं बाद केली तर हजाराला एकोणीस कमी पडतात. मात्र गोळा करणाऱ्यानं शपथेवर साक्ष देऊन कुठल्या सह्या त्याच्यासमोर झाल्या ते सांगितलं, तर तेवढ्या मोजता येतील. दहा मिनिटांची सुट्टी झाली.

कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या नळापाशी आतोबांनी मला विचारलं, "किती वेळ होतास तिथं?"

"अर्धा तास."

"आणि मग?"

"जेवायला गेलो होतो."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्या अर्ध्या तासात एकोणीसहून जास्त सह्या नक्की झाल्या होत्या. पण साक्ष द्यायची म्हणजे आधीची शपथ खोटी होती हे माझ्या तोंडून रेकॉर्डवर जाणार, आणि खोट्या शपथेला इथं खटला होतो. हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. मी कलमं वाचत नाही. त्यांनी वाचली होती. ते आत गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मी माझा अर्ज मागे घेतो." दोन महिन्यांचं ऊन त्यांनी एका वाक्यात घडी करून फाइलमध्ये ठेवलं. गाडीत मी तीनदा सॉरी म्हणालो. तिन्ही वेळा ते म्हणाले, "सिग्नल बघ, लाल आहे."

अनघाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. "मला हाक मारायची होतीस. पीठ लागलेल्या हातांनी केली असती," एवढंच म्हणाली आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आतोबा गावात सगळ्यांना सांगत होते, सह्या कमी पडल्या. 'अहो, एवढी पायरी अन् पायरी मोजणारा माणूस, हजार सह्या मोजता आल्या नाहीत!' असं म्हणून लोक हसले. मी त्या घोळक्यात उभा होतो, आणि खरं कारण सांगितलं नाही. मंडळाच्या वार्षिक सभेत आयत्या वेळचे विषय आले, तेव्हा सगळ्यांनी सवयीनं मागच्या रांगेकडे पाहिलं. आतोबा फाइल मांडीवर ठेवून बसून राहिले. वडे गरमागरम मिळाले. मी माझी बशी तशीच शेजाऱ्याकडे सरकवली.

सिनेटरसाहेब बिनविरोध आले. परवा आतोबा घरी आले, हातात बत्तिसावं पत्र. पत्राखाली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या घेत होते. अनघा वर होती. मी म्हटलं, "बोलावतो तिला." "बोलाव," म्हणाले, आणि ती खाली येऊन, सगळं वाचून, सही करेपर्यंत थांबले. मग पेन माझ्याकडे केलं. "आता तुझी. तुझी तेवढी कर."

मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि सही केली. त्यांनी ती बघितली, शेवटच्या अक्षरापर्यंत. पूर्वी बघत नसत. जाताना दारात थांबून म्हणाले, "उद्या सकाळी मोकळा आहेस का? नव्यानं नोंद करायचीय. मी आमच्या हिच्याबरोबर चालणार, सेकंद मोजायला कुणीतरी हवं."

आठला मी फुटपाथवर उभा होतो, हातात त्यांचं स्टॉपवॉच. आत्यानं बटण दाबलं, दिवा हिरवा झाला, दोघं निघाले. बाविसाव्या सेकंदाला दिवा गेला तेव्हा ती दुभाजकापाशी पोचली होती. आतोबांनी तिला थांबवलं नाही. ते गाड्यांसमोर हात वर करून उभे राहिले, हॉर्न वाजत राहिले, आणि आत्या एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली. तिथून तिनं माझ्याकडे बघून पदर हलवला. मी घड्याळ बंद केलं. डायरीत लिहिलं, एकेचाळीस सेकंद. खाली सही केली. मी तिथं होतो.