खडकावर उरलेला जोड

मी समुद्र अजून पाहिलेला नाही. तरी सात हंगाम माझ्या पाठीवर ‘बीच गार्ड’ अशी अक्षरं होती. झालं असं की, आदिलाबादकडच्या उटनूरला आम्हाला चार दिवसांचं प्रशिक्षण द्यायला जो माणूस आला तो समुद्रकाठचा होता, आणि येताना तिकडचे उरलेले नारिंगी बनियन घेऊन आला होता. लाट कशी ओळखायची, ओहोटी माणसाला आत कशी ओढते, लाल बावटा कुठे रोवायचा, हे सगळं त्याने मन लावून शिकवलं आणि आम्हीही मन लावून ऐकलं. आमच्या वाट्याला येणार होता बाजारहत्नूरच्या पुढचा, जंगलातला एक धबधबा आणि त्याच्या पायथ्याचा डोह. तिथे ना लाट, ना ओहोटी. शेवाळ होतं, आणि दारू पिऊन आलेली माणसं होती. सहलीला आलेली पोरंसोरं माझी पाठ वाचून विचारायची, काका, बीच किधर है? पहिल्या वर्षी मी हसायचो. नंतर नुसता हात दाखवायचो, कुठेही.

मी तलमडुगुकडचा, कापूस-ज्वारीच्या घरातला. पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. माझ्या जोडीला होता तो मात्र पाण्यातच जन्मलेला. भोयाच्या घरातला, नदीपलीकडच्या जंगलातल्या गावाचा, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. मी त्याला मामा म्हणायचो. कचेरीतले लोक आम्हाला तेलुगूत ‘गजईतगाळ्लु’ म्हणत, म्हणजे पट्टीचे पोहणारे. मामाला हा शब्द आवडत नसे. पट्टीचे पोहणारेच बुडतात म्हणून तो हात झटकायचा.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे उड्या मारून जीव वाचवणं. अहो, हे काम म्हणजे ओरडणं. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, मराठीत, तेलुगूत, हिंदीत. तिकडे खोल आहे, लोतु उंदि, आगे मत जाओ. ज्याला सांगावं तो आपल्याकडे असा बघतो की जणू आपण त्याच्या ताटातलं मागतोय. चार वाजेस्तोवर घसा बसतो, मग शिटी. ओल्या चड्डीने मांड्या सोलवटतात. रविवारी घरी गेलो की बायको काही विचारायची आणि मी मानेनंच हो-नाही करायचो. तिला वाटायचं मला राग आलाय. राग कसला, तोंड उघडायची ताकद नसायची.

पाण्यात उतरायची वेळ क्वचित यायची. त्यासाठी आमचा एकच नियम होता आणि तो मामाचा होता, समुद्रवाल्याचा नव्हे. एकटा उतरायचं नाही. एकजण पाण्यात, कमरेला दोर. दुसरा काठावर, दोर हातात. डोहाच्या तळाशी कपारी आहेत, पाणी माणसाला त्यात कोंबतं. दोर धरणारा नसेल तर खाली गेलेला वर येईलच असं नाही. काठ मोठा असल्याने आम्ही समोरासमोर उभे राहायचो, मी अलीकडे, तो पलीकडे. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे दोर धरायला ये. दुसरा मग वरच्या दगडांवरून धावत यायचा.

आणि दिवस संपवायची रीत होती चपलांची. धबधब्यामागच्या गुहेत देव आहे. त्यामुळे दोन्ही काठांवर एकेक सपाट खडक आहे, त्याच्या खाली कोणी पायात काही घालून उतरत नाही. हिंदू असो, मुसलमान असो, हैदराबादचा बुटवाला असो, सगळे तिथे पाय मोकळे करतात. पाच वाजता आम्ही सगळ्यांना वर हाकलायचो आणि खडकाकडे बघायचो. खडक रिकामा झाला पाहिजे. एक जोड जरी उरला तरी त्याचा धनी खाली आहे. खडक रिकामा दिसला की मी एक लांब शिटी द्यायचो, पलीकडून मामाची लांब शिटी यायची, आणि आम्ही घरी जायचो. मामा म्हणायचा, माणूस खोटं बोलेल, चप्पल बोलत नाही. त्याच्या अख्ख्या नोकरीत उरलेला जोड दोनदाच सापडला होता. दोन्ही वेळा तो स्वतः खाली गेला आणि दोन्ही वेळा उशीर झाला होता. त्या दोघांबद्दल तो कधी बोलायचा नाही, पण पाच वाजत आले की त्याचं तोंड बारीक व्हायचं.

मग राज्य नवं झालं. आम्हाला त्याचं काय, बनियन तेच राहिलं. पण दोन वर्षांनी एका जिल्ह्याचे चार झाले, आणि नवी सरहद्द आखणाऱ्याला आमचीच नदी सापडली. अलीकडचा काठ आदिलाबादेत राहिला, पलीकडचा नव्या जिल्ह्यात गेला. मामाचं गाव पलीकडचं म्हणून मामाही गेला. दसऱ्याला हे झालं आणि आठवड्याच्या आत दोघांना दोन कागद आले. आता दोन रजिस्टरं, दोन साहेब, दोन ठिकाणी दस्तखत. ज्याने त्याने आपल्या हद्दीत राहावं. डोह एकच होता, तो कोणाचा हे कागदात नव्हतं. विचारलं तर म्हणाले, वरून येईल. आमच्याकडे वरून फक्त पाणी येतं.

पहिल्याच रविवारी मामाने एका घसरलेल्या बाईसाठी तीन शिट्ट्या दिल्या आणि मी सवयीने धावलो. बाईला काढलं. बाईचं राहिलं बाजूला. दुसऱ्या जिल्ह्याचा माणूस बोलावला म्हणून मामाला लेखी ताकीद मिळाली. त्याचं वय झालंय, डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे त्याच्या नव्या साहेबाने आधीच हेरलं होतं. पुन्हा असं झालं तर कमी करू, असं कागदात होतं. मामाला वाचता येत नसे, मीच त्याला वाचून दाखवलं. त्याने कागद परत घेऊन घडी घातली. मग एवढंच म्हणाला, “पान्याबाहीर मी कोन हाय बाबू?” हे मला तेव्हा ऐकवलं नाही. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तेवढं काम टिकवायचं म्हणून तो त्या दिवसापासून शिटी देऊन मला बोलवायचं टाळायला लागला.

कार्तिकातला रविवार होता. आमच्याकडे कार्तिकात तेलुगू मंडळी वनभोजनाला निघतात, आवळ्याखाली पंगती बसतात, मग जेवून सुस्तावलेली माणसं पाण्यात उतरतात. दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोने भाकरी आणि ठेचा जास्तीचा बांधला होता. मामाची बायको वारल्यापासून तो दुपारी नुसती बिस्किटं खायचा, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, मरो ती हद्द, आणि वरच्या दगडांवरून पलीकडे गेलो. त्याच्या खडकावर चपला काढल्या आणि खाली जाऊन त्याच्या शेजारी बसलो. एका मिनिटासाठीही पाण्यावरची नजर न काढता आम्ही जेवलो. तो म्हणाला, ठेच्यात लसूण बरोबर पडलाय.

शेवटचा घास तोंडात आणि माझ्या काठावर जीपचा भोंगा वाजला. माझा साहेब. त्या गर्दीत दगडांवरून फिरून जायला दहा मिनिटं लागली असती, तेवढ्यात मी गैरहजर ठरलो असतो. मी तसाच डोहाच्या कडेने पोहत अलीकडे आलो आणि निथळत त्याच्यासमोर उभा राहिलो. पाण्यात होतो साहेब, म्हणालो. ते खोटं नव्हतंच. त्याने रजिस्टरवर सही घेतली, वनभोजनाचं पान खाल्लं आणि गेला. मग गर्दी, ओरडणं, एकाच्या पायात काच, एकीचा हरवलेला मोबाइल. दिवसभर आम्ही अनवाणीच असतो, त्यामुळे पायात काही नाही हे पायाला कळलंच नाही.

पाच वाजले. माझा खडक रिकामा झाला. मी लांब शिटी दिली. पलीकडून उत्तर आलं नाही.

पुन्हा दिली. पलीकडची माणसं वर निघून गेली होती. मामा एकटा खडकाजवळ वाकून उभा होता. मग तो सरळ झाला, पाण्याकडे बघितलं, बनियन काढलं आणि शिटी न वाजवता, दोर न बांधता डोहात शिरला. मी ओरडलो, पण धबधब्यापुढे माणसाचा आवाज तो काय. त्याने तीन शिट्ट्या का दिल्या नाहीत हे मला लगेच कळलं. कोणासाठी उतरला ते कळेना. माझं लक्ष तर दोन्ही काठांवर होतं, कोणी गेलेलं मला दिसलं नव्हतं. मी हवेची ट्यूब उचलली आणि दगडांकडे धावलो. चार पावलांवर बाभळीचा काटा टाचेत गेला. मी पायाकडे पाहिलं.

पलीकडे राहिलेली माझी ती नवी चप्पल होती. त्याच आठवड्यात बाजारहत्नूरच्या बाजारातून घेतलेली, निळ्या पट्ट्याची, शंभर जणांच्या पायात असते तशी. मामाने ती ओळखायचं काही कारणच नव्हतं.

मी माघारी वळून ट्यूबसकट पाण्यात उडी टाकली. मामा वर यायचा, श्वास घ्यायचा, परत खाली जायचा. तिसऱ्या का चौथ्या वेळेला तो वर आला नाही. मी खाली गेलो. त्याचा पाय कपारीत होता. कसा सोडवला ते मला सांगता येणार नाही. वर आणलं तर तो माझ्याच हाताला हिसडे देऊ लागला. खाली कोणीतरी आहे, सोड मला, एकदा अजून जाऊ दे, असं तो म्हणत होता. मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

“मामा, ते चप्पल माही हाय. दुपारची राह्यली.”

त्याचं अंग एकदम सैल पडलं. मी त्याला ट्यूबवर घातलं, काठाला ओढत नेलं. त्याच्या उजव्या कानातून रक्त येत होतं. पाणी ओकून झाल्यावर त्याने मला विचारलं, “मंग खाली कोनी नाई?”

“नाई, मामा.”

“बरं झालं,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून हसला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

वरच्या वाटेवर रेंगाळलेल्या कोणीतरी हे सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं. रक्षकच बुडाला म्हणून ते दोन्ही जिल्ह्यांत फिरलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही साहेब आले, एकाच झाडाखाली दोन खुर्च्या टाकून, आपापलं रजिस्टर मांडीवर घेऊन बसले. त्याआधी मामाने मला बाजूला घेऊन बजावलं होतं की, तू इकडे आला होतास हे कळलं तर दोघंही जाऊ, मग या डोहाचा तळ माहीत असलेलं इथे कोणी उरणार नाही. हिशेब पक्का होता. मीही तो स्वतःला पुष्कळदा ऐकवला आहे. पण खरं सांगायचं तर मी त्या हिशेबामुळे गप्प बसलो नाही. मला भीती वाटली.

साहेबाने विचारलं, कोणासाठी उतरलास? मामा म्हणाला, कोणासाठी नाही, माझी नजरचूक झाली, खडक रिकामाच होता. ज्या माणसाने अख्खा जन्म चपलांवर विश्वास ठेवला, त्याने चपलाच नव्हत्या म्हणून सांगितलं. त्याच्या साहेबाने लिहून घेतलं, नजर गेली, कान गेले. मामाने अंगठा उठवला आणि गळ्यातली शिटी काढून दिली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पायात तीच निळ्या पट्ट्याची चप्पल होती. आदल्या दिवशी मामानेच ती मला आणून दिली होती, कागदात गुंडाळून.

मी पुढे तीन हंगाम काढले. आता तिथे लोखंडी जाळी आहे, तीन भाषांत फलक आहे, आणि लोक जाळीवरून बूट घालूनच चढतात. मीही सोडलं ते काम. कान माझेही दुखतात.

दर कार्तिकात मामाकडे जातो, भाकरी-ठेचा घेऊन. आता त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी ठरवून गेलो होतो की माफी मागायची, साहेबाला अर्ज लिहायचा, काहीतरी करायचं. त्याच्या कानाशी ओरडून सांगितलंही. शेजारपाजारचे बाहेर आले, पण त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्याने चहा ओतला, पिकाचं विचारलं, बायकोच्या ठेच्याला नावाजलं. मी उठलो, त्याच्या पाया पडलो आणि दाराकडे वळलो, तेव्हा मागून त्याचा आवाज आला. दर वेळी येतो तसाच.

“चपला घालून जाजो, बाबू.”