मामांच्या खिशातला कांदा

माणूस आपल्या बहिणीच्या लेकरांचा मामा होतो, फार तर गल्लीतल्या पोरांचा होतो. पण साऱ्या जगातल्या तान्ह्या लेकरांचा मामा झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. बुलढाण्याकडच्या धाड गावी त्यांची बऱ्यापैकी शेती होती, पाण्याची विहीर होती, बैलजोडी होती; पण त्यांचा जीव अडकलेला असायचा सुदान, पेरू, ब्राझील असल्या मुलखांत. हे मुलूख कुठे आहेत ते आम्हा बायांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मामांनाही दिशा सांगता आली नसती. ट्रान्झिस्टरवर सकाळच्या बातम्या ऐकून ते असं तोंड करून ओसरीवर यायचे की मामींच्या हातातली चाळणी खाली पडायची. मामी विचारायच्या, कोण गेलं? मामा म्हणायचे, "सुदानात लेकराइले हगवण लागून राह्यली." मग मामी चाळणी उचलत म्हणायच्या, "मले वाटलं, रोहिणखेडच्या आत्याच गेल्या."

बांगलादेशाची लढाई होऊन दोन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिकडच्या निर्वासितांच्या छावणीत हगवणीनं लेकरं जात होती आणि साधं मीठ-साखरेचं पाणी पाजून कितीतरी वाचली, असं मामांनी रेडिओवरच्या कुठल्याशा भाषणात ऐकलं. झालं! त्या दिवसापासून माणूस बदलला. एक तांब्या उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ. लेकराला चमच्या-चमच्यानं पाजायचं आणि अंगावरचं दूध तोडायचं नाही. एवढीच काय ती विद्या. पण आमच्याकडे रीत नेमकी उलटी होती, बरं का. लेकराला हगवण लागली की पहिलं पाणी बंद. घातलं की बाहेर पडतं, मग घालायचंच कशाला, असा सगळ्या म्हाताऱ्यांचा हिशेब. डोक्यावरची टाळू खोल गेली की म्हणायचं टाळू बसली, आणि तिच्यावर तेलाचा बोळा ठेवायचा. तेल वरून, आणि आत लेकरू कोरडं.

मामांनी टिनाच्या डब्याचा एक भोंगा करवून घेतला. त्यातून त्यांचा आवाज असा यायचा, की कोणी विहिरीत पडून मदत मागतंय. धाडच्या बाजारात ते बांगडीवाल्याच्या शेजारी उभे राहायचे, कारण बाया तिथे थांबतात. बांगडीवाला हात जोडायचा, की मामा, पलीकडे बैलबाजारात जा, तुमचा आवाज ऐकून गिऱ्हाइकाचा हात थरथरतो आणि बांगडी फुटते. बैलबाजारात गेले तर तिथे बैल बुजायचे. पण मामा मागे हटले नाहीत. "धाडातलं लेकरू अन् सुदानातलं लेकरू, दोघाईची टाळू एकच हाय," असं ते भोंग्यातून सांगायचे, आणि लोक वांगी निवडता निवडता मान डोलवायचे. एकदा त्यांनी मिरचीची दोन रोपं मडक्यात लावून आणली, एक पाणी घातलेलं आणि एक वाळवलेलं. म्हणाले, बघा, रोपाचं पाणी तोडलं तर काय होतं ते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दोन्ही मडकी उचलून न्याहाळली आणि शांतपणे म्हणाला, "सगळं खरं हाय मामा, पण रोप हगत नाही." पुढचे कितीतरी बाजार लोक मामांना पाहिलं की हसायचे. मामाही हसायचे. मिरचीची रोपं मात्र त्यांनी घरी नेऊन लावली.

आणि त्यांच्या खिशात कायम एक कांदा असायचा. हा कांदा कशाला, तर सांगते. मीठ जास्त झालं तर ते पाणी लेकराला उलट बाधतं, हे मामांना पक्कं माहीत होतं. बायांना माप कसं समजवायचं? तर पाणी डोळ्यातल्या आसवापेक्षा खारट होता कामा नये. आधी चाखून पाहायचं आणि मगच पाजायचं. पण भर बाजारात आसू आणायचा कुठून? म्हणून कांदा. मामा खिशातून कांदा काढायचे, चाकूनं चिरायचे आणि समोरच्या बाईला म्हणायचे, हं बाई, रडा, आन जीभ लावून पाहा. नवऱ्याबरोबर बाजारात आलेल्या बाईला परका माणूस रडायला सांगतोय! दोन वेळा तर मारामारीच व्हायची राहिली. शेवटी मामा स्वतःच कांदा चिरून रडायचे आणि स्वतःच चाखून दाखवायचे. एसटीतही हाच कार्यक्रम. कंडक्टर बिचारा भला होता. तो म्हणायचा, मामा, तिकीट काढा, रडा, पण कांद्याची सालं खिडकीबाहेर टाका.

बारशाला मामा आले की यजमान त्यांना आधी जेवायलाच बसवू पाहायचा. लोक अंगडं-टोपडं आणतात, हे तांब्या आणि चमचा आणायचे. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा, गजू, त्याचं बारसं आमच्या गावी, आमच्याच घरी होतं. पाळणा म्हणून झाला, नाव कानात सांगून झालं, आणि मामा पाळण्यापाशी उभे राहून सुरू झाले, की आता उन्हाळ्यात याला हगवण लागेल, तेव्हा याची टाळू पाहा. बायांनी कानावर हात ठेवले. माझ्या सासूबाई म्हणजे मामांची सख्खी मोठी बहीण. लहानपणी आई गेल्यावर मामा त्यांच्याच पदराखाली वाढलेले. त्या उठल्या, भावाचा दंड धरून त्याला अंगणात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "पाळन्यापुढं असं बोलतेत का बे? घरी जेवाले ये, पर तो भोंगा वेशीच्या आत आनू नको." मामा मान खाली घालून हो म्हणाले.

सासूबाईंना एवढा राग का आला, ते घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. त्यांचा पहिला मुलगा, दामू, रांगायच्या वयात असाच हगवणीनं गेला होता. त्याचं नाव घरात निघत नसे. शेजारच्या एका पोराचं नाव दामू होतं, तर त्यालाही सासूबाई 'अरे पोरा' म्हणूनच हाक मारायच्या.

आणि मग पुढच्या उन्हाळ्यात गजूला खरंच हगवण लागली. आंब्याचे दिवस होते, घराला माशांचा वेढा. दुपारपर्यंत पोराचं रडणं बारीक झालं, नंतर तर रडताना डोळ्यातून पाणीच येईना. टाळू खोल गेली. सासूबाईंनी पाण्याची घागर उचलून माजघरात ठेवली, जावेला सांगितलं की दूध द्यायचं नाही, आणि तेलाचा बोळा घेऊन बसल्या. जाऊ भिंतीला टेकून नुसती मुसमुसत होती. मी एक-दोनदा तोंड उघडलं, तर सासूबाईंनी अशी नजर टाकली की मी चूल फुंकायला लागले. पण धाडकडे जाणारी एसटी वेशीवर आली, तेव्हा मी कंडक्टरला गाठलं आणि म्हटलं, आमच्या मामांना सांगा, गजूची टाळू बसली. तो एवढंच म्हणाला, "पानी चालू हाय का बाई?" मी नाही म्हटल्यावर त्यानं लगेच घंटी मारली. इतके दिवस तो कांद्याची सालं मोजत नव्हता तर! ऐकत होता.

परतीच्या गाडीनं मामा आले. भोंगा त्यांच्या हातात नव्हता. मला नंतर कळलं, की तशा घाईतही त्यांनी तो वेशीवरच्या लिंबाला टांगून ठेवला होता, बहिणीला शब्द दिला होता म्हणून. सरळ चुलीपाशी आले, मला पाणी उकळायला लावलं, ते परातीत ओतून वारा घालून गार केलं, साखर टाकली, मीठ टाकलं आणि तांब्या घेऊन गजूपाशी गेले. सासूबाई आडव्या आल्या. माझ्या घरात पोराला पाणी मिळणार नाही, म्हणाल्या. मामांनी रेडिओचं सांगितलं, छावणीचं सांगितलं, सुदानचंही सांगितलं. सासूबाई ऐकत राहिल्या आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"पान्यानं लेकरू वाचते, हे खरं असन, तर मंग माह्या दामूले म्या तहानेनं मारलं का रे, बापू?"

मामांच्या हातात तांब्या तसाच. मग ते बहिणीच्या समोर खाली बसले.

"आक्का, तवा कोनालेच ठावं नव्हतं," ते म्हणाले. "तुह्या सासूनं राखनीले मले बसवलं होतं. तो घागरीकडं रांगत जाये, अन् मी त्याले मांगं वढून आनो. तो मले हसे, त्याले खेळ वाटे. मारलं असन तं दोघाइनं मारलं. पन आता ठावं झालं ना. आता या गजूले कोन वढून आनून राह्यलं, सांग?"

गजूनं कोरड्या ओठावरून जीभ फिरवली. सासूबाईंनी हात पुढे करून तांब्या घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "खारट केलं बे. पानी वाढव."

बाजारभर माप शिकवणाऱ्या मामांचं माप त्या दिवशी चुकलं होतं. आणि सासूबाईंना ते बरोबर कळलं, कारण त्यांच्या गालावरून ओघळलेलं पाणी त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं. कांदा मामांच्या खिशातच राहिला.

मग त्याच बसल्या. चमचा, थांबायचं, पुन्हा चमचा. गजूनं एकदा ओकलं, तर मामा घाबरले, सासूबाई नाही. तोंड पुसून त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुढच्या गाडीनं आम्ही त्याला बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. कंडक्टरनं पुढची सीट रिकामी करून दिली आणि वाटभर चमचा चालू राहिला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. चार-सहा दिवसांत गजू पाळण्यातून पाय झाडायला लागला.

त्यानंतर मामांच्या बाजारात एक माणूस वाढलं. सासूबाई बांगडीवाल्याच्या पलीकडे पोतं टाकून बसायच्या, बोलायच्या काही नाही. एखादी म्हातारी ठसक्यात म्हणायची, की आमच्या घरात हगवणीत कधी कोणी पाणी दिलं नाही. तेव्हा त्या एवढंच म्हणायच्या, "म्याबी नव्हतं दिलं, माय." म्हातारी शेजारी बसायची. मग त्या दोघी भोंग्याकडे पाठ करून कितीतरी वेळ काही बोलत राहायच्या. दामूचं नाव पहिल्यांदा मी तिथेच ऐकलं.

मामा गेले ते आठ-दहा वर्षांनी, झोपेत. दहाव्याला धाडच्या नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मामी म्हणाल्या, बैल विकणार नाही. कावळा झाडावरच. मुलगा म्हणाला, ट्रान्झिस्टर नीट ठेवीन. तरी नाही. ऊन चढायला लागलं. सासूबाईंना चालवत नव्हतं, त्या दगडावर बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "बापू, जा तू. म्या हाय तंवर कोन्या लेकराचं पानी तुटू देनार नाही." तेव्हा कावळा खाली उतरला. पण पिंडाकडे गेला नाही. बाजूला पाण्याचा द्रोण ठेवला होता, आधी त्यात त्यानं चोच बुडवली, मान वर करून दोन-तीनदा प्याला, आणि मग भाताला शिवला. सासूबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. म्हणाल्या, "कावळ्यालेबी शिकवलं माह्या भावानं."

आता सासूबाईही नाहीत. भोंगा मामांच्या घरी गव्हाच्या कोठीत नरसाळं म्हणून वापरतात. माझ्या नातसुनेकडे त्या पाण्याची तयार पुडी असते, औषधाच्या दुकानातली. मापाची चिंता नाही. ती तांब्यात पुडी सोडते, चमचा फिरवते, आणि मी म्हणते, आण इकडे, थोडं चाखून पाहते. ती म्हणते, आजी, त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. असू दे, मी म्हणते. बोट बुडवते, जिभेला लावते, आणि कुठून कोण जाणे, नाकात कांद्याचा वास येतो.