आई शार्वेच्या हाताची चव

लियोंला कुणी पाहुणा आला आणि कुठे काय खाऊ म्हणून विचारू लागला, की आमच्या बिल्डिंगमधलं कुणीही तळमजल्याकडे बोट दाखवतं. सकाळी नऊला जा, उपाशी जा, आणि नावं ऐकून दचकू नका. 'विणकराचा मेंदू' मागवलात तर लसूण आणि कांद्याची पात घालून फेटलेला पांढरा चक्का येतो. वजडी मात्र खरीखुरी वजडीच, कांद्यात लाल होईपर्यंत परतलेली. सोबत गार वाइन. नऊ वाजता वाइन कशी प्यायची, असं आमच्या टेकडीवर कुणी विचारत नाही. पूर्वी रेशमाचे विणकर पहाटेपासून मागावर बसत, त्यांची ही जेवायची वेळ.

दारावर पाटी आहे, 'आई शार्वे'. या गावात खानावळीतल्या बाईला गिऱ्हाइकं आई म्हणतात. पहिली आई शार्वे म्हणजे ओदिलची सासू. ती गेली, दोन दिवस खानावळ बंद राहिली, आणि तिसऱ्या दिवशी पन्नाशीच्या बाप्यांनी एकोणतीस वर्षांच्या ओदिलला हाक मारली, "आई, वाढ गं." तिनं वाढलं. आज ती त्रेसष्टची आहे. मनगटं सुजतात, कढई दोन हातांनीही उचलवत नाही.

म्हणून तिनं मारियों शोधली. मारियों चाळिशीची, नदीपलीकडे एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाक करून कंटाळलेली. तिला ही खानावळ हवी होती, ओदिलला सुटका. अडलं होतं ते मस्यू गोनोंपाशी. बिल्डिंग त्यांची, आणि दर गुरुवारी खिडकीशेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आठ म्हाताऱ्यांचे म्होरकेही तेच. प्रत्येकाच्या जागी टेबलावर नावाची पितळी पट्टी ठोकलेली. भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर त्यांची सही लागणार.

"या टेबलावरची चव बदलणार नसेल तर करीन सही," गोनों म्हणाले होते. "गुरुवारी त्या पोरीला करू दे. आम्ही खाऊन सांगू."

त्या गुरुवारी धीराला म्हणून ओदिलनं मला खाली बोलावून घेतलं. मारियोंनं वजडी केली. मी चाखली, डोळे मिटून खाल्ली असती तर ओदिलचीच म्हटली असती. चक्का मात्र रात्रभर मुरावा लागतो, म्हणून तो आदल्या संध्याकाळीच ओदिलनं फेटून ठेवला होता.

"पहिली वजडी जाईल," मारियों म्हणाली आणि हात पुसायला वळली. ती वळते न वळते तोच ओदिलनं ताट उचललं आणि बाहेर नेलं. चौतीस वर्षं गुरुवारचं पहिलं ताट आईनंच टेबलावर ठेवायचं, हा इथला रिवाज. विचार केला असता तर नेलंच नसतं. तिच्या पायांनी नेलं.

दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आधी नुसतेच काटेचमचे. मग गोनोंचा आवाज.

"ही बघा. याला म्हणतात वजडी. हे खाल्ल्यावर दुसऱ्या कुणाच्या हातचं घशाखाली उतरेल का?"

"ही मारियोंनं केलीय," ओदिल म्हणाली.

टेबलभर हसू फुटलं. "आई, तुला थापा मारता येत नाहीत," एकजण म्हणाला. "चौतीस वर्षं खातोय. जीभ आहे ही, पायताण नाही."

"रेमाँ, सांग ना यांना."

रेमाँ तिचा नवरा. गल्ल्यामागे उभं राहून वाइन ओतायची आणि गप्पा मारायच्या, एवढंच त्याचं काम. ही माणसं सोडून त्याला दुसरं जगच नाही. त्यानं बाटली तिरपी केली, पेला काठोकाठ भरला. "मी कुठे आत असतो?" म्हणाला. "तुम्ही खा."

ओदिल आत आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. मारियोंनं चक्क्याचं भांडं उचललं. "आता मी नेते," म्हणाली, आणि गेली.

यावेळी गोनोंनी वेळ घेतला नाही. "मुली, वाईट वाटून घेऊ नकोस. लसूण ढोबळ आहे. व्हिनेगर पुढे येतंय. आईचा चक्का जिभेवर ठेवला की आपोआप जातो. हा बसून राहतो."

"हॉटेलातला हात," शेजारचा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

ओदिल दारात आली.

"मस्यू गोनों, तो चक्का माझा आहे. काल संध्याकाळी सहा वाजता केलाय. ही आली तेव्हा तो फडक्याखाली झाकलेला होता."

आठांपैकी एकानं खाली आपल्या पट्टीकडे पाहिलं. गोनों लाल झाले, कानांपर्यंत. मला वाटलं, आता हसतील आणि पेन मागतील. त्यांनी रुमालानं ओठ टिपले, रुमालाची नीट घडी घातली.

"मग तू दमली आहेस, आई," ते म्हणाले. "हात बिघडलाय तुझा. एक आठवडा सुट्टी घे. आल्यावर बघू."

सही तेवढ्यावरच अडली. मी तेव्हापासून घोकतेय, ओदिल गप्प बसली असती तर काय झालं असतं. मारियों नापास झाली असती, एवढंच. दोन्हीकडून वाट बंद होती.

सुट्टी तिनं खरंच घेतली. सोमवारी जिन्यात मला गाठून म्हणाली, "तू पाहुण्यांना आमच्याखेरीज कुठे पाठवतेस?" मी तिला नदीकाठचं एक ठिकाण सांगितलं, माशाचे वाफवलेले मुटके तिथे छान मिळतात. ती येच म्हणाली, म्हणून मीही गेले.

खिडकीजवळची जागा मिळाली. ओदिलनं गुलाबी रुमाल गळ्यात बांधला होता, केस विंचरून आली होती. वाढपी आला. तिनं यादी एकदा वाचली, पुन्हा वाचली, मग त्याच्याकडे वाकून हळूच विचारलं, "आत काय उरलंय? जे खपत नसेल ते आणा."

तो गोंधळला. "बाई, तुम्हाला काय आवडतं ते सांगा."

तिनं यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. शेवटी मीच दोघींचं सांगितलं.