दगडू मिस्त्रीच्या गाडीची नावं

दगडू मिस्त्री मोटारीशी बैलाशी बोलावं तसं बोलत असे. चाकांवरची मडगार्डं म्हणजे त्याची सुपं, इंजिनावरचं झाकण म्हणजे टोपरं. त्याच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या, नव्या लांबुळक्या गाडीची मागची चाकं वारा कापण्यासाठी पत्र्यांनी झाकलेली होती. त्या पत्र्यांना तो झापडं म्हणे. "घान्याच्या बैलाला लावत्यात ना, तीच ही," असं त्यानं पहिल्याच भेटीत मला समजावलं. मुरबाडात सगळे हीच नावं वापरत, खुद्द शेठसुद्धा.

शेठची मुरबाड-कल्याण मोटार सर्व्हिस होती. दगडू शेडमध्येच, गाड्यांना लागून खाट टाकून राहायचा. शेठ हाक मारतील तेव्हा हजर. बायको आणि मुलगी वैशाखऱ्याला, मोटारीनं जेमतेम तासाभरावर. पण घरी जायला मिळे वर्षातून दोनदा. "समद्या गाड्या माज्या हाताखालून जात्यात, मीच तेवढा जात नाय," तो हसून म्हणे.

अशात कल्याणच्या एका कारखान्यात मिस्त्री हवा असल्याचं कळलं, राहायला खोलीसकट. दगडू हरखला. तिथं इंग्रजी नावं लागणार, म्हणून तो माझ्याकडे, शाळामास्तराकडे आला. मी विलायती गाडीचं एक जुनं पुस्तक मिळवलं आणि महिनाभर त्याच्याकडून घोकून घेतलं: टोपरं म्हणजे बॉनेट, सूप म्हणजे विंग, झापड म्हणजे स्पॅट. झापडाला स्पॅट म्हणताना त्याची जीभ अडखळे, पण गडी हटला नाही.

परीक्षेला मी सोबत गेलो. समोर अमेरिकन गाडी उभी होती. फोरमन म्हणाला, "हूड उघड. फेंडर सोडव. मागचा स्कर्ट काढ."

दगडूनं माझ्याकडे पाहिलं. त्याच टोपऱ्या-सुपा-झापडांची ही अमेरिकन नावं मीही कधी ऐकली नव्हती. 'साहेब, नुसतं बोट दाखवा, तो करील,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण याला सगळी नावं मी शिकवलीत, असं मघाशी मीच ऐटीत सांगून बसलो होतो. मी खाली मान घालून उभा राहिलो. फोरमननं दुसऱ्या माणसाला हाक मारली.

परतताना दगडू इतकंच म्हणाला, "गाडी वळखीची व्हती, मास्तर."

मी अमेरिकन नावं शोधून आणली, पण शिकायला तो आला नाही. "तिसरा कोनी तिसरीच इचारल," म्हणाला. मरेपर्यंत तो शेठच्याच शेडमध्ये राहिला.

मला अजून छळतं ते परीक्षेच्या आठवड्यातलं पत्र. बायकोला ते त्यानं माझ्याकडूनच लिहून घेतलं. खोली का मिळाली नाही, काय लिहू, असं मी विचारलं.

"लिवा," दगडू म्हणाला, "मास्तरांनी लय शिकवलं, मलाच आलं नाय."

मी तसंच लिहिलं.