एकोणसाठ टाचण्या

तिला सगळे मोजणीबाई म्हणत. हे नाव तिला शिलाईच्या कारखान्यात पडलं, आणि कारखाना सुटला तरी नाव काही सुटलं नाही. सव्वीस वर्षं ती लहान मुलांच्या कपड्यांना गळे लावत होती. दिवसाला तीनशे गळे; बाह्या दुसरी कुणी लावायची, बटणं तिसरी. तिथला एक नियम मोठा कडक होता. मशीनवर सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, चिकटपट्टीने कागदावर लावायचे आणि पुरी सुई दाखवायची. तेव्हा कुठे नवी सुई हातात पडायची. एक तुकडा कमी भरला तर त्या पाळीतले सगळे कपडे तिथल्या तिथे थांबत. एकदा तिच्या सुईचं मोहरीएवढं टोक सापडेना. ती पाळी संपेपर्यंत गुडघ्यांवर रांगत फरशीवर लोहचुंबक फिरवत राहिली, आणि ते टोक मशीनखालच्या तेलाच्या ताटलीत मिळालं तेव्हाच उठली. मुकादम हसला, शेजारच्या बायका हसल्या. ही हसली नाही. "कुणाच्या तरी लेकराच्या मानेत गेलं असतं," एवढंच म्हणाली आणि मशीनवर बसली.

कारखाना सोडल्यावर तिने घरातल्या पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग काढला. दारावर पाटी लावली, 'सोपी शिवण, अगदी पहिल्यापासून'. जे येत त्यांतल्या निम्म्यांना सुईत दोरा ओवता येत नसे. त्यांना ती लाळेरं शिकवायची, दुपटं शिकवायची, कापसाने भरलेला हत्ती शिकवायची, आणि वर्षअखेरीच्या सुट्ट्या जवळ आल्या की दारावर लावायच्या कापडी चांदण्या आणि खिडकीवरच्या पताका. "सरळ टीप आली की अर्धं जग शिवता येतं," ती म्हणायची, "उरलेलं अर्धं विकत मिळतं."

वर्गात सहा जण होते. पाच बायका आणि एक कंडक्टरकाका. काका बसमधून निवृत्त झाले होते आणि घरात बायकोच्या पायात पायात येत होते म्हणून बायकोनेच त्यांना इकडे धाडलं होतं. टीप संपली की ते तोंडाने टिंग टिंग करत. मोजणीबाईला राग यायचा आणि हसूही यायचं.

तिचे दोन नियम होते. पहिला, वर्ग सुरू होताना प्रत्येकाला दहा टाचण्या मोजून द्यायच्या आणि संपताना साठ मोजून डब्यात घ्यायच्या. साठ भरल्याशिवाय कुणी चप्पल घालायची नाही. दुसरा, तान्ह्या बाळाच्या वस्तूला टाचणी लावायचीच नाही. तिथे कापड धरायला चिमटे. हे ती इतक्यांदा सांगायची की काका म्हणत, "बाई, तुम्ही झोपेत पण मोजत असाल." झोपेत मोजत नव्हती, पण जागेपणी एकदाही चुकली नव्हती.

तिचा मुलगा दूर राहायचा. सात महिन्यांपूर्वी त्याला मुलगी झाली. बाळंतपणाला ही गेली होती, महिनाभर राहायचं म्हणून. नवव्या दिवशी बाळाला आंघोळ घालताना पाण्यात आधी हात घालून बघायचं राहून गेलं. पाणी कढत होतं. बाळाची पावलं लाल झाली, फोड आले नाहीत, संध्याकाळपर्यंत लाली उतरलीसुद्धा. पण सून त्यानंतर आंघोळीच्या वेळी बाथरूमचं दार आतून लावून घेऊ लागली. ती भांडली नाही, टाकून बोलली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, यात तिचं काय चुकलं? मोजणीबाई तेराव्या दिवशी आपणहून परत आली.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं ते मुलाशीच. "आई, सगळं ठीक आहे," तो म्हणायचा, आणि सगळं ठीक आहे म्हणजे तू येऊ नकोस, हे तिला कळायचं. तिने दुपटं शिवून पाठवू का म्हणून विचारलं, तर आहेत भरपूर. लाळेरं, तर तीही आहेत. महिने गेले. मग एक दिवस सुनेनेच फोन केला. "आई, सुट्ट्यांसाठी खोली सजवतेय. पताका पाठवाल का? आणि तिच्यासाठी काहीतरी छोटंसं, मऊ."

मोजणीबाईने फोन ठेवला. मग कपाट उघडून सगळी कापडं पलंगावर ओतली. सात महिने जी दारं बंद होती त्यांतलं एक किलकिलं झालं होतं, आणि ते उघडायला तिच्याजवळ एक हत्ती होता.

हत्ती तिने वर्गातच शिवला, सगळ्यांच्या बरोबर. पिवळं सुती कापड, आतून पांढरे कान, डोळे दोऱ्याचे. बटणं लावायची नाहीत, बाळ तोंडात घालतं. त्या दिवशी चिमटे कमी पडले. दोन बायका आपापल्या भाचरांसाठी ससे शिवत होत्या, त्यांनी ते घेतले होते. डाव्या कानाची शिवण सरकत होती. कुरिअरवाला पाचला येणार होता. मोजणीबाईने काकांच्या टाचण्या खोचायच्या गादीवरून तीन टाचण्या उपसल्या आणि कानाला लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा. "काढायच्याच आहेत लगेच," ती स्वतःशी म्हणाली.

पाचला दहा मिनिटं असतानाच कुरिअरवाला दारात उभा राहिला आणि घड्याळाकडे बघू लागला. तिने हत्ती उलटवला, कापूस ठासून भरला, पोट शिवलं, पताकांबरोबर खोक्यात घातला. बायका पांगत होत्या, काका टिंग टिंग करत चप्पल शोधत होते, सगळ्यांनी टाचण्या डब्यात टाकल्या होत्या. तिने डब्याचं झाकण लावलं आणि खोकं चिकटवायला घेतलं. मोजायचं राहून गेलं.

चौथ्या दिवशी पुढचा वर्ग होता. तिने नेहमीप्रमाणे डबा उघडला, दहा दहाचे ढीग केले. शेवटच्या ढिगात नऊ भरल्या. पुन्हा केले. पुन्हा नऊ. आपण मोजलं नव्हतं हे तिला तेव्हा आठवलं.

"बाई, काय झालं?" एकीने विचारलं.

"आज वर्ग नाही," ती म्हणाली. "सगळ्यांनी आपापल्या पिशव्या बघा. कपडे झटका. ससे चाचपा. टाचणी आहे का बघा."

ससे चाचपले, दोघींनी उसवून पाहिले, काही नव्हतं. काका त्या दिवशी आले नव्हते, गुडघा दुखत होता. तिने त्यांना फोन केला. त्यांनी पिशवी उलटी करून पाहिली, सदरा झटकला. "नाही हो बाई. एका टाचणीचं काय एवढं, मी पुडा आणून देतो." तिने फोन ठेवला.

बायका गेल्यावर तिने खोलीतलं सगळं बाहेर काढलं. लोहचुंबक दोरीला बांधून मशीनखाली, कपाटाखाली, फरशीच्या फटींतून फिरवलं. दोन सुया निघाल्या, एक हूक निघाला, कधीचा तरी मोडलेला ब्लेडचा तुकडा निघाला. टाचणी नाही. मग ती भिंतीला टेकून बसली आणि ते पाचला दहा मिनिटं असतानाचे क्षण एकेक करून आठवू लागली. कान. तीन टाचण्या. पहिली काढून ओठांत धरली. दुसरीही. तिसरी? तिसरीपाशी कुरिअरवाला खाकरला होता. त्यापुढे काही आठवेना. कितीही डोळे मिटले तरी आठवेना. नाव मोजणीबाई आणि साठच्या जागी एकोणसाठ. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं तिचं झालं.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा फोन वाजला. मुलाने फोटो पाठवला होता. खिडकीवर पताका, आणि खाली बाळ पालथं पडलेलं, हत्तीचा डावा कान मुठीत, मुठीसकट तोंडात. खाली लिहिलं होतं, 'सोडतच नाही.'

तिने मुलाला फोन लावला. बंद. तो प्रयोगशाळेत काम करायचा, आत जाताना फोन बाहेर ठेवावा लागे. फोटो आत जायच्या आधी पाठवला असणार. म्हणजे सहा तास. त्याला सांगून गुपचूप हत्ती बाजूला ठेवता आला असता, सुनेच्या कानावर न घालता. आता घरात सून एकटी. तिला सांगायचं म्हणजे आपल्या हाताने दार लोटून घ्यायचं. आणि कदाचित हत्तीत काहीच नसेल. मग हात दाखवून अवलक्षण. एक मन म्हणत होतं, सहा तास थांब. दुसरं काही म्हणत नव्हतं, ते नुसतं फोटोतल्या त्या मुठीकडे बघत होतं.

ती दोन मिनिटं थांबली असेल. त्या दोन मिनिटांची तिला पुढे फार लाज वाटली. मग तिने सुनेला फोन लावला.

"अगं, आधी तिच्या हातातला हत्ती काढून घे. मग सांगते."

"आई, काय झालं?"

"आधी काढ."

पलीकडे बाळाने भोकाड पसरलं. "काढला," सून म्हणाली.

मोजणीबाईने सांगितलं. टाचणी लावली होती, मी लावली होती, तीन होत्या, एक सापडत नाहीये, मी मोजल्या नाहीत. ती मधे थांबली नाही आणि सबबही सांगितली नाही, कुरिअरवाल्याचं नावसुद्धा काढलं नाही. पलीकडून मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज, आणि कात्रीचा. फोन बाजूला ठेवलेला असावा. कापड फाटत होतं, बाळ रडत होतं. कात्री कुठे अडते, पोटाच्या दुहेरी शिवणीवर की कानाच्या, हे तिला आवाजावरून कळत होतं.

बऱ्याच वेळाने सून बोलली. "नाहीये. कापूस तंतू तंतू करून पाहिला. कानात नाही, पोटात नाही."

"देवा," मोजणीबाई म्हणाली. तिला वाटलं, सुटले.

"नाही म्हणजे काय, आई?" सुनेने विचारलं. "कान शिवणीपाशी जरा सुटलाय. दोन दिवस ती ओढतेय त्याला. मग टाचणी पडली असेल ना बाहेर? गादीत असेल, सतरंजीत असेल. काल ती रात्री कशाने तरी दचकून रडली. तिने गिळली असेल का?"

 हत्तीत नाही यापेक्षा हत्तीत आहे हे किती बरं होतं, ते मोजणीबाईला आता कळलं.

"डॉक्टरकडे ने," ती कशीबशी म्हणाली. "लगेच ने. फोटो काढतात आतला."

"नेते." मग म्हणाली, "आई, यापुढे काही पाठवू नका. आणि थोडे दिवस फोनही नको."

"बरं," मोजणीबाई म्हणाली.

रात्री मुलाचा एका ओळीचा निरोप आला. डॉक्टरांनी पाहिलं, पोटात काही नाही, घरात शोधतोय. त्यानंतर काही नाही. तिने फोन मांडीवर ठेवला. ती रडली, आणि रडताना तिला स्वतःचा रागच आला, कारण रडायचा हक्क तिकडे जी सतरंजी झटकत होती तिचा होता.

सकाळी आठला कंडक्टरकाका दारात. गुडघ्याला पट्टा, एक पाय अनवाणी, हातात चप्पल.

"घ्या तुमचा हिरा," ते हसत म्हणाले. "चार दिवस घरभर टकटक वाजतंय, बायको म्हणते फरशीवर ओरखडे उठलेत. म्हटलं गुडघाच वाजतोय. आज चप्पल उलटी केली तर टाचेत ही. डोक्यापर्यंत रुतलेली. म्हणून बाईंकडे आधी, डॉक्टरकडे नंतर. टिंग टिंग."

तिने पक्कडीने ओढून टाचणी काढली. सरळ, गंजही नाही. म्हणजे तिसरीही तिने काढली होती आणि ती खाली पडून काकांच्या चपलेखाली आली होती. कुणाच्याही अंगाला ती लागली नव्हती. काल फोन केला नसता तर आज सगळं जिथल्या तिथे असतं: पताका, हत्ती, मूठ, आणि सुट्ट्यांत कदाचित 'आई, या ना' असं एखादं वाक्य. तिने सगळं घालवलं होतं, आणि ते कशासाठी, तर काकांच्या चपलेत असलेल्या टाचणीसाठी. काका अजून हसत होते. ती त्यांना बसा म्हणाली नाही, चहा विचारला नाही. ते बिचारे ओशाळून निघून गेले.

फोन नको, असं सून म्हणाली होती. आणि आता हे कळवायचं म्हणजे, मी तुला उगीचच जाळलं, असंच कळवायचं. पण तिकडे ती अजून शोधत असेल. मोजणीबाईने तळहातावर टाचणी ठेवली, फोटो काढला, आणि खाली बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'सापडली. इथेच होती. एका काकांच्या चपलेत. तुमच्या घरात कधी आलीच नव्हती. चूक माझी.'

ती फोनकडे बघत बसली. निरोप पोचल्याची खूण लगेच आली, जणू पलीकडे फोन हातातच होता.

तीन मिनिटांनी उत्तर आलं. त्यात राग नव्हता, क्षमा नव्हती, 'आई'ही नव्हतं.

'बरं. रात्रभर तिला उचलून उभी होते. गादीवर ठेवायचा धीर होत नव्हता. आता ठेवते खाली.'