कपाट मात्र स्पष्ट

बाबांना कंपनीत पंचवीस वर्षं झाली तेव्हा एक छोटा रोलचा कॅमेरा भेट मिळाला होता. बटण दाबलं की स्वतःच फोकस करणारा, म्हणून बाबांच्या लेखी तो जगातला सगळ्यात हुशार कॅमेरा. विक्रोळीच्या घरात तो कपाटात टॉवेलात गुंडाळलेला असायचा. सणावाराला शेजारच्या काकांना बोलावून आमचा चौघांचा फोटो काढून घेतला जायचा. मी आणि भाऊ मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. ते सगळे फोटो झकास आलेत.

पुढे लग्न होऊन मी कांदिवलीला आले, भाऊ परदेशी गेला. मधली आम्ही दोघं निघून गेलो, पण आईबाबा आपापल्या जागीच उभे राहिले. चारचौघांत नवऱ्याला खेटून उभं राहायचं नाही, हे आई कोकणातून येतानाच बरोबर घेऊन आली होती. बाबा तर तिच्याहून लाजरे. कॅमेरा बिचारा नेमका मधोमध बघणार. त्या मोकळ्या जागेतून त्याला खोलीच्या टोकाचं लोखंडी कपाट दिसायचं. म्हणून दोघांच्या प्रत्येक फोटोत कपाटाचं हँडल, किल्ली, दारावरचं कुंकवाचं स्वस्तिक सगळं लख्ख, आणि आईबाबा धुरकट. "कपाट छान आलंय," बाबा दर वेळी म्हणायचे. आम्ही हसायचो. जरा जवळ या, असं आईबापाला सांगायची पद्धत आमच्यात नव्हती.

गेल्या वर्षी बाबांच्या फुप्फुसांनी हात टेकले. आठवड्यातून तीन-चारदा मी विक्रोळी गाठायचे. डबा, औषधं, रिपोर्ट, ऑक्सिजनच्या मशीनची कुरकुर, मग परत माझं घर आणि तिथला स्वयंपाक. खरं सांगते, तेव्हा मायेपेक्षा थकवाच जास्त होता. अशात एक दिवस आई म्हणाली, "आमचा दोघांचा एक धड फोटो काढ ना गं. एकपण नाय."

मी मोबाइल काढला.

"त्यातला नको. त्यातले परत कोण बघतं? बाबांचा कॅमेरा आहे ना, त्यातला काढ."

मी मनातून वैतागले. रोलसाठी चार दुकानं पालथी घातली. शेवटी घाटकोपरला एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मिळाला. बरोबर नेलेल्या कॅमेऱ्यात त्यानेच तो भरून दिला. कपाटाची तक्रार ऐकून तो हसला. "ताई, आधी एकाच्या तोंडावर कॅमेरा धरा. बटण अर्धंच दाबा. तसंच दाबून ठेवून मग मध्ये आणा. फसणार नाय." इतकी वर्षं हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी दुपारी बाबांची नळी काढून त्यांना नेहमीच्या जागी उभं केलं. हट्टाने इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी. आई नेहमीच्या अंतरावर. ती सारखी पदर नीट करत होती.

"अशीच राहू उभी?" तिने मला विचारलं.

"अशीच. आता हलू नकोस."

बाबांना धाप लागायच्या आत मला उरकायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरला, बटण अर्धं दाबलं, मध्ये आणलं, पूर्ण दाबलं. मग त्यांना पलंगावर बसवलं आणि बाकीचा रोल तसाच राहून गेला.

दोन महिन्यांनी बाबा गेले. तेरावं झाल्यावर मी रोल धुवायला दिला. फोटो हातात आला तेव्हा बघतच राहिले. दोघंही लख्ख. बाबांच्या हनुवटीवर राहून गेलेले दाढीचे केससुद्धा दिसत होते. कपाट पहिल्यांदाच धुरकट. इतक्या महिन्यांत माझ्या हातून एक तरी काम नीट झालं, असं वाटून मला रडू आलं.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग दोघांच्या मधल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"छान आलाय," ती म्हणाली. "पण जरा जवळ सरक, असं म्हणायचंस ना गं. मी विचारलं होतं तुला."