किटलीत गेलेली शिराज

नऊ तास गाडी चालवून मी नाशिकहून अणदूरजवळच्या मित्राच्या गावी पोचलो, तेव्हा डिकीत वाईनच्या तीन बाटल्या होत्या. दोन दुकानातून घेतलेल्या. तिसरीवर लेबल नव्हतं आणि तिच्यासाठीच मी एवढा आटापिटा केला होता.

मी वायनरीत टाक्या सांभाळतो. चार वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर या मित्रानं अर्धा एकर खाण्याची द्राक्षं काढून तिथं शिराज लावली, म्हणजे वाईनची काळी द्राक्षं. त्याच्या वडिलांना, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो, ते अजिबात पटलं नव्हतं. काढलेल्या वेली त्यांनी स्वतः लावल्या होत्या. "चार वर्सं बघतो. ठेवायची का उपटायची, ते मंग मी सांगीन," एवढं बोलून ते गप्प झाले. आता चार वर्षं भरली होती, ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली होती आणि अण्णांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. म्हणून यंदा मी हट्टानं त्या बागेचा माल वेगळ्या लहान टाकीत ठेवला. पुढं तो सगळ्यांच्या मालात मिसळणारच होता. त्याआधी आमच्या साहेबांनी मला त्यातली एक बाटली भरून घेऊ दिली. एकच.

माझा बेत साधा होता. या मित्राची जीभ मोठी तयार आहे. पाण्याचा घोट घेऊन तो विहीर ओळखतो. त्याला आधी दुकानातल्या दोन चाखवायच्या, मग त्याच्या स्वतःच्या बागेची द्यायची. आपल्या मातीत काय पिकलंय हे एकदा त्याला कळलं, की अण्णांपुढं तो छातीठोक बोलेल, असा माझा हिशेब. वहिनींना फोनवर सांगून ठेवलं होतं, मटण जरा सौम्य करा, नाहीतर जिभेला काही कळायचं नाही. त्या हसल्या होत्या. "पावन्याला मिळमिळीत वाढू का, भावजी?"

अण्णा ओसरीवर बाजेवर बसले होते. मी बाटल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि पिशवी पलीकडच्या हाताला घेतली. "काय आणलंस?" त्यांनी विचारलं. "चिवडा," मी म्हणालो. पन्नाशीला आलोय मी, महिन्याचा पगार वाईनवर घेतो, आणि म्हाताऱ्या माणसासमोर चिवडा म्हणतो. गावात कुणाच्याही घरी गेलात तरी हेच. घेणारे घेतात, पण वडीलधाऱ्यांच्या नजरेला बाटली पडू देत नाहीत.

पिशवी मित्राच्या हातात देऊन मी मागं बोअरवर हातपाय धुवायला गेलो. दहा मिनिटांत परत येतो तर स्वयंपाकघरात पिशवी रिकामी, आणि चुलीशेजारी रानातल्या बायांना चहा न्यायची स्टीलची मोठी किटली. मित्र खुशीत होता.

"बंदोबस्त केला. तिन्ही बसल्या बरोबर."

"तिन्ही?"

"व्हय. अण्णा येतेत की जेवायला. कुणी इचारलं तर सरबत म्हणायचं."

"अरे, ती बिनलेबलाची?"

"ती तर पहिली वतली."

मला ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं, कारण अण्णा भिंतीपलीकडं. मी दात आवळून त्याला सांगितलं की ती तुझ्या बागेची होती, जगात तेवढी एकच होती, चाखून बघ म्हणून नऊ तास आलो. त्याचा चेहरा पडला. "आधी सांगाया काय झालं व्हतं?" तो म्हणाला. नव्हतंच सांगितलं. मला त्याला चकित करायचं होतं. वहिनी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "म्या म्हणलं व्हतं, भावजींना येऊ द्या." मला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

मग जेवण. लालभडक रस्सा, वर बोटभर तर्री. आम्ही दोघं स्टीलच्या पेल्यातून घोट घेत होतो आणि मला नुसतं तिखट लागत होतं. अण्णांनी अर्धी भाकरी संपवली, पाणी पिऊन चूळ भरली आणि पेला पुढं केला.

"मलाबी दे रं जरा."

"सरबत हाय, अण्णा."

"व्हय, वास यायलाय सरबताचा."

मित्रानं खाली बघत ओतलं. अण्णांनी घोट घेतला. गिळला नाही, तोंडात धरून ठेवला, अगदी मला मित्राकडून हवा होता तसा. मग विचारलं, "ह्यात आपली कंची?"

म्हणजे भिंतीपलीकडं त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मीच सांगितलं की तिन्ही एकत्र झाल्या.

"मागनं जरा मिऱ्यावानी लागतंय. ती आपली का?"

शिराजला मिऱ्याचीच चव असते. पण दुकानातल्या दोनपैकी एक बाटलीसुद्धा शिराजचीच होती. हो म्हणालो असतो तर कुणाला कळणार होतं? तरी माझ्या तोंडून निघालं, "असेल, अण्णा."

"असंल ऐकाया चार वर्सं न्हाय थांबलो," ते म्हणाले. "माझ्या म्होरनं आत नेलीस. मलाच दाखवायची व्हतीस." आवाज चढला नाही. पेला बाजूला ठेवून त्यांनी उरलेली भाकरी रश्श्यात कुस्करली. मी मान वर केली नाही.

आठवड्यानं मित्राचा फोन आला. "अण्णा इचारतेत, आजून एक बाटली भेटंल का? नुसती आपली. चव बघून सांगतो म्हणतेत."

मी टाक्यांमध्येच उभा होतो. लहान टाकी धुऊन पालथी घातलेली होती. तिच्यातला माल दोन दिवसांपूर्वी मोठ्या टाकीत गेला होता, आणि पाइप मीच लावला होता. त्याला सांगितलं. त्यानं फोन तसाच धरून अण्णांना सांगितलं.

मग लांबून अण्णांचा आवाज आला, "मंग उद्या माणसं सांग. उपटून टाकू."